खारवलेला मासा आणि भूमध्य समुद्राचा किताब

शदली घोर्बेलच्या घरात भिंतीवर तीन पट्टे टांगलेले होते आणि त्यातला एकही त्याने जिंकलेला नव्हता. चोरलेलेही नव्हते. रीतसर मिळाले होते. पंचांनी हात धरून वर केला होता, वर्तमानपत्रांत फोटो आले होते. फक्त प्रत्येक वेळी जिंकायचं काम दुसऱ्याच कुणीतरी परस्पर उरकून टाकलं होतं.

पहिला पट्टा ट्युनिशियाचा. बिझर्तहून येणारा प्रतिस्पर्धी आगगाडीत झोपला, शदलीच्या गावी, स्फाक्सला, उतरायचं ते थेट गाबेसला जागा झाला. इकडे शदली रिंगणात एकटाच उभा. पंचाने मोकळ्या कोपऱ्याकडे बघत दहापर्यंत आकडे म्हटले आणि शदलीला विजेता जाहीर केलं. मोकळ्या कोपऱ्याने हरकत घेतली नाही.

दुसरा उत्तर आफ्रिकेचा, बोन शहरात. चौथ्या फेरीत दिवे गेले. दिवे आले तेव्हा प्रतिस्पर्धी आडवा पडला होता आणि शदली आपल्या कोपऱ्यात चूळ भरत होता. त्याला कुणी मारलं ते आजतागायत कळलेलं नाही. पंचाने मात्र फारच घाईघाईने दहा मोजले, त्यामुळे काही लोकांना पंचाचाच संशय आहे.

तिसरा पट्टा सगळ्यांत मोठा: भूमध्य समुद्राचा बँटमवेट किताब. हा किताब कुणी आणि कधी सुरू केला हे कुणालाच सांगता येत नसे, पण पट्ट्यावर पितळेचा डॉल्फिन होता, म्हणजे मामला गंभीरच असणार. मार्सेच्या त्या लढतीत चौदा फेऱ्या शदली मार खात होता. पंधरावी संपायला अर्धं मिनिट उरलं असताना प्रतिस्पर्ध्याच्या सख्ख्या भावाला आनंद आवरेना. तो दोर ओलांडून आत आला आणि भावाचे मटामट मुके घेऊ लागला. नियम असा की बाहेरचा माणूस आत आला तर खेळाडू बाद. त्या दोघा भावांचं पुढे कसं काय जमलं, देव जाणे.

मधल्या साध्यासुध्या लढती शदली साध्यासुध्या रीतीने जिंकत होता. त्याचे पाय हलके होते, डावा हात वेळेवर पोचायचा आणि उजवा चांगला जड होता. पण साध्या लढती कोण लक्षात ठेवतो? स्फाक्समध्ये त्याचं नावच पडलं होतं ‘शदली नशीब’. बाब दिवान दरवाज्याजवळच्या कॅफेत तो आला की बदामवाला सी हम्मादी (‘सी’ म्हणजे आपलं ‘राव’) खुर्ची पुढे सरकवायचा, आणि ती सरकवतानाच सुरुवात करायचा.

“बैस बाबा, बैस. तुझ्या शेजारी बसलं की माझीही लॉटरी लागेल. आता पुढच्या लढतीत काय करायचं ठरवलंयस? भूकंप?”

“या वेळी मी मारणार आहे, सी हम्मादी.”

“तू कशाला त्रास घेतोस? आजवर सगळं सुरळीत चाललंय.”

कॅफे हसायचा. शदलीही हसायचा, कारण न हसलं तर आणखी हसतात. पण घरी आल्यावर तो त्या तीन पट्ट्यांकडे पाठ करून जेवायला बसायचा. सव्वीस वर्षांचा होता तो. कोंबडा-वजनात (तिकडे बँटमवेटला हेच म्हणतात) सव्विशीनंतर माणूस एक तर जाडा होतो नाहीतर मास्तर. त्याआधी एकदा, एकदाच, आपल्या गावासमोर, आपल्या मुठीने किताब जिंकायचा. बाकी त्याला काही नको होतं.

संधी आली ती ट्युनिशियाच्या स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्या वसंतात. पालेर्मोचा तुरी स्पाना भूमध्य समुद्राच्या किताबासाठी स्फाक्सला यायला तयार झाला. तुरी म्हणजे दगड. आजवर कुणी त्याला आडवं केलं नव्हतं, त्याची आगगाडी कधी चुकली नव्हती, आणि शदलीने मुद्दाम चौकशी केली, त्याला भाऊ नव्हता.

तारीख ठरवली राजधानीतल्या आयोजकाने. छापील दिनदर्शिका बघून त्याने ईदेचा दुसरा दिवस धरला: सुट्टी, नवे कपडे, खिसे गरम, दुपारी वजन, पाचला लढत, उघड्यावर बंदरात. फार हुशारीचं काम केलं असं त्याला वाटलं. स्फाक्सवाल्यांनी ती तारीख ऐकली आणि कपाळाला हात लावला. चंद्र एक दिवस लांबला तर वजनाचा दिवस थेट ईदेच्या पहिल्या दिवसावर येत होता. आणि ईदेच्या पहिल्या सकाळी स्फाक्समध्ये काय खातात हे राजधानीच्या माणसाला कोण सांगणार?

बाकीचा मुलूख ईदेला गोड खातो. स्फाक्स खारवलेला मासा खातो. महिनाभर उपास करून, पहिल्या सकाळी, मिठात मुरवलेला मासा, आणि त्यावर शर्मूला: कांदा आणि काळ्या मनुका तासन् तास आटवून केलेलं दाट, काळंभोर, गोडसर कालवण. एक घास घेतला की माणूस दिवसभर पाणी पितो. पहिल्या ईदेला स्फाक्सवाल्याचं वजन करणं म्हणजे पखालीचं वजन करणं.

शदलीचा वस्ताद सी बशीर हा हमामखान्याची भट्टी सांभाळायचा, आणि भट्टीमागच्या खोलीतच त्याने शदलीला तयार केलं होतं. तो म्हणाला, “मासा हा प्रश्नच नाही. मासा किती, एवढासा. मारतं ते पाणी.”

एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळी अख्खी गल्ली गच्च्यांवर चढली. चंद्र दिसला तर उद्याच ईद, परवा वजन, सगळं निर्धास्त. पश्चिमेला ढगांची गोधडी. लोक ढगांना नावं ठेवू लागले.

“तो बघा! दिसला!” सी हम्मादी ओरडला.

“तो मिनारावरचा दिवा आहे.”

“मग दिवाच धरा ना! एवढं काय!”

गल्लीत एकच बाई समाधानी होती: शदलीची आई, लल्ला झुलेखा (‘लल्ला’ म्हणजे आपलं ‘बाई’). तिची शर्मूला अजून हवी तशी आटली नव्हती.

“बरं झालं बाई,” ती आकाशाकडे बघून म्हणाली, “उद्याचा दिवस मिळाला.”

“आई, अगं माझं वजन आहे परवा!”

“वजन काय, कधीही करता येतं. शर्मूला कच्ची राहिली तर लोक वर्षभर बोलतात.”

तिसावा रोजा झाला. वजनाच्या दिवशी सकाळी ईदेची नमाज आटोपून सी बशीर कुणालाही न भेटता तडक घोर्बेलांच्या घरी आला आणि पाण्याच्या माठावर बसला. झाकणावर, मांडी घालून. लल्ला झुलेखाने आधी विनंती केली, मग बशीरच्या पैगंबरवासी आईची आठवण काढली. तो हलला नाही. शेवटी तह झाला. ईदेला उपास करणं पाप, आणि मासा नाकारणं त्याहून वाईट. तेव्हा शदलीने प्रत्येक घरी एकच घास घ्यायचा, आणि वजन होईपर्यंत पाण्याचा थेंब नाही.

मग शदली शेजाऱ्यांकडे ईद भेटायला निघाला. पहिल्या घरी त्याची जीभ जड झाली. दुसऱ्या घरी ती कातड्याची झाली. तिसऱ्या घरची म्हातारी म्हणाली, “बाळा, आमचा मासा जरा जास्तच खारट झालाय या वर्षी,” आणि घास भरवला. त्यानंतरच्या घरांमध्ये काय झालं ते त्याला नीट आठवत नाही. भिंती पाण्यासारख्या हलत होत्या. एका घरात पोपटाच्या पिंजऱ्यातल्या वाटीकडे तो टक लावून बघत राहिला, तेव्हा बशीरने त्याला दंड धरून बाहेर काढलं.

नगरपालिकेच्या हॉलमध्ये दुपारी काटा मांडला होता. राजधानीहून आलेले अधिकारी, सी मुन्सिफ, टाय लावून उभे होते. अर्धं गाव खिडक्यांना लटकलं होतं. शदली काट्यावर चढला. सुई थरथरली आणि हद्दीच्या केसभर आत थांबली. हॉलने श्वास सोडला. शदली काट्यावरून उतरला आणि पाण्याची सुरई तोंडाला लावून तिचा तळ दिसेपर्यंत खाली ठेवली नाही. नमाज संपल्यापासून आत्तापर्यंतचा वेळ ही त्याच्या कारकिर्दीतली सगळ्यांत अवघड लढत होती, आणि ती त्याने खरोखर स्वतः जिंकली होती. पण पाणी न पिण्याबद्दल पट्टा देत नाहीत.

मग तुरी स्पाना काट्यावर चढला. ठेंगणा, चौकोनी, आणि डोक्यावर तेल थापलेल्या केसांचा असा काही उंच डोंगर की त्यावर शेळी चरली असती. चेहऱ्यावर मात्र विलक्षण शांती. सुई वर गेली. हद्द आली, हद्द गेली, सुई चालतच राहिली.

“साडेसहाशे ग्रॅम जास्त,” सी मुन्सिफ म्हणाले.

तुरीचा मॅनेजर किंचाळला. दोन दिवस ह्याला मी काही खाऊ दिलं नाही, सकाळी डोळा लागला होता माझा, काय खाल्लंस तू?

“मासा,” तुरी म्हणाला. त्याला बंदरातली अरबी येत होती. सिसिलीच्या निम्म्या कोळ्यांना येते. “खारा मासा. आणि वर कांद्या-मनुकांचं ते... काय सांगू! मी ताटली चाटली. मग थोडं पाणी प्यायलो.”

“थोडं म्हणजे?”

“होतं तेवढं.”

“दिलं कुणी?”

“एक बाई आली होती खानावळीत. अगदी आईसारखी. निळ्या काठाची ताटली होती.”

निळ्या काठाच्या ताटल्या शदलीने लहानपणापासून घासल्या होत्या.

सी मुन्सिफनी घड्याळ काढलं. दोन तासांची मुदत. तेवढ्यात वजन उतरलं नाही तर तुरी बाद. लढत नाही, किताब शदलीकडेच. मग खिडकीतून सी हम्मादीचा आवाज आला:

“घ्या! या वेळी आईने मारला!”

हॉल असा हसला की काट्याची सुई हलली. तुरीचा मॅनेजर ओरडत होता की हे कारस्थान आहे, विष आहे, पालेर्मोच्या पेपरात छापून आणतो की चॅम्पियन आईच्या आडून लढतो. कुणीतरी शदलीच्या पाठीवर थाप मारली. “मबरूक, चौथ्यांदा!” शदली हसला नाही. पहिल्यांदाच हसला नाही, आणि बरोबर, त्यामुळे लोक आणखी हसले.

तो पायऱ्या उतरून बाहेर आला तर आई तिथेच उभी, हातात रिकामी ताटली.

“आई, काय केलंस तू हे!”

“काय केलं? पाहुणा माणूस. ईदेच्या दिवशी खानावळीत एकटा. त्याच्या आईला काय वाटलं असतं?”

“अगं, तो मला मारायला आलाय!”

“मग? रिकाम्या पोटी मारायला लावायचं त्याला?”

शदली बशीरकडे वळला.

“वस्ताद, हमाम उघडा.”

“आज ईद आहे. हमाम बंद.”

“भट्टी कालची गरम असेल. चोथा टाका, पेटवा. त्याचं वजन उतरवायचंय.”

सी बशीरने त्याच्याकडे असं बघितलं जसं माणूस चावणाऱ्या गाढवाकडे बघतो. “अरे, किताब आपल्या पायांनी घरात आलाय. दार लावून घ्यायचं सोडून तू त्याला बाहेर घालवतोस? आणि प्रतिस्पर्ध्याला घाम फोडायचा हे मी तुला शिकवलं, मान्य. पण असा नव्हे!”

“वस्ताद, हा पट्टा असाच घेतला तर मी उद्यापासून कॅफेत जायचा नाही, आणि तुमच्या त्या खोलीतही यायचा नाही. लोक म्हणतात नशीब. आता म्हणतील आई. मी कुठे आहे ह्यात? मी नुसता वजन करून घ्यायला येतो का?”

बशीरने कमरेची किल्ली काढली.

ऑलिव्हच्या चोथ्याची आग लवकर चढते. थोड्याच वेळात हमामातल्या गरम खोलीत हात दिसेनासा झाला. पण तुरीचा मॅनेजर दारात आडवा: ह्या गावात माझ्या माणसाला काहीही होऊ शकतं. तेव्हा शदलीने कपडे उतरवले, पंचा गुंडाळला आणि आधी स्वतः आत जाऊन बसला. तुरी त्याच्या मागोमाग आला. दोघे दगडी ओट्यावर शेजारी शेजारी बसले, एकमेकांचं नाक फोडायचा करार सहीनिशी केलेले दोन इसम.

“तू वेडा आहेस का?” तुरी म्हणाला. “माझं वजन उतरवून तुला काय मिळणार?”

शदलीने त्याला तिन्ही पट्ट्यांची गोष्ट सांगितली. गाबेसला जागा झालेल्याची, दिव्यांची, मुके घेणाऱ्या भावाची. तुरी हसत सुटला. हसताना माणसाला जास्त घाम येतो म्हणून बाहेरून बशीर ओरडला, “आणखी सांग!”

“मी तुला आज झोपवणार आहे, कळतंय ना?” तुरी डोळे पुसत म्हणाला.

“झोपव. पण तूच झोपव. घरच्या कुणाला आणू नकोस.”

“मला पाच बहिणी आहेत.”

“त्यांनाही नको.”

हमामाच्या दारात गडबड झाली. लल्ला झुलेखा गार पाण्याची झारी घेऊन आली होती: पोर घामाने निथळतंय, तुम्हाला काळजं आहेत का? बशीरने झारी काढून घेतली. सावधगिरी म्हणून ती त्याने स्वतःच पिऊन टाकली.

नंतर तुरीला लोकरीचा जाड झगा, बुरनुस, चढवला आणि दोघे गावच्या तटाभोवती पळायला निघाले. इथे नवीनच संकट उभं राहिलं. ईदेचा दिवस, दारं उघडी, आणि दारासमोरून पाहुणा पळतोय. प्रत्येक उंबऱ्यावरून तबक पुढे येत होतं: बकलावा, हरभऱ्याच्या पिठाची घ्रायबा, तिळाची कडी. “घे रे बाबा, एक तरी घे! आमच्या दारावरून रिकामा नको जाऊस!” तुरी भला माणूस, त्याचा हात आपोआप पुढे जायचा. शदली मध्ये घुसून तो तुकडा स्वतःच्या तोंडात टाकायचा आणि भरल्या तोंडाने दोघांच्या वतीने दुवा द्यायचा. त्याचं वजन झालेलं होतं. त्याला मुभा होती. बाब जेब्ली दरवाज्यापर्यंत पोचता पोचता त्याने इतकी घ्रायबा खाल्ली होती की तुरी घाम गाळत हलका होत होता आणि शदली त्याच्या शेजारी जड होत होता. मागून अर्धं गाव नव्या कपड्यांत पळत होतं. स्वतःच्या चॅम्पियनच्या विरोधात, गळा फाडून: “तुरी! तुरी!”

मुदत संपता संपता तुरी पुन्हा काट्यावर चढला. अंगावर पंचासुद्धा नव्हता. सुई हद्दीपाशी आली, आणि एक रेघ वर थांबली.

“काढायला आता काय उरलंय!” मॅनेजर रडकुंडीला आला.

सगळ्यांचे डोळे हळूहळू वर गेले. तुरीच्या डोक्याकडे.

“नाही,” तुरी म्हणाला.

“तुरी,” शदली म्हणाला.

“अकरा वर्षं वाढवलेत मी. पालेर्मोत माणसं मला केसांवरून ओळखतात!”

“पट्ट्यावरूनही ओळखतील. जिंकलास तर.”

तुरीने डोळे मिटून मान खाली घातली. बशीरने वस्तरा चालवला. केसांबरोबर तेलही गेलं, आणि तेल किती होतं हे ज्यांनी वस्तरा पुसलेला पंचा नंतर धुतला त्यांनाच ठाऊक. सी मुन्सिफ वाकले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले.

“वजनात आहे.”

हॉलमध्ये जो जल्लोष झाला तसा शदलीच्या तिन्ही किताबांना मिळूनही झाला नव्हता. अनोळखी माणसं तुरीच्या गुळगुळीत डोक्याचे मुके घेत होती. आपण नेमके कशासाठी ओरडतोय हे फक्त थोड्यांच्या लक्षात होतं.

पाच वाजता बंदरात रिंगण उभं होतं. मासेमारीच्या होड्यांच्या डोलकाठ्यांवर माणसं, फॉस्फेटच्या ढिगाऱ्यावर माणसं. ऊन स्वच्छ. घंटा झाली.

दुसऱ्याच फेरीत तुरीच्या उजव्या हाताने शदलीला जमिनीवर बसवलं. कानात शंख वाजत होते, पोटात सगळ्या गल्लीचा बकलावा एका बाजूला सरकला होता, आणि पाचपर्यंत आकडे ऐकताना शदलीला आतून इतका आनंद झाला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. हे खरं होतं. हा ठोसा ह्या माणसाने मारला होता, भर उन्हात, सगळ्या गावासमोर. त्यात दिव्यांचा काही संबंध नव्हता. आठाला तो उठला.

“पाय हलव!” बशीर ओरडत होता. “बसून काय बघतोयस, जेवण वाढणार आहेत का?”

तिसरी, चौथी, पाचवी फेरी तुरीची. तो जहाज धक्क्याला लागावं तसा येऊन लागायचा. फेऱ्यांच्या मध्ये दोघेही आपापल्या कोपऱ्यात बादलीत तोंड घालून पाणी प्यायचे, आणि घंटा झाली तरी एकमेकांच्या बादलीकडे बघत उठायचे. सहाव्या फेरीला शदलीची भुवई फाटली. सातव्या फेरीपासून त्याचे पाय त्याला परत मिळाले. तो तुरीच्या डाव्या बाजूने फिरायला लागला, गोल, गोल, डावा हात पुढे, टक, टक, टक, जसा सुतारपक्षी ओंडक्यावर बसतो. ओंडका हलत नव्हता, पण लाल होत होता. आठव्यात गाव उठून उभं राहिलं. नवव्यात शदलीला दिसलं की डावा ठोसा मारून झाला की तुरीचा हात परत येताना कमरेपर्यंत खाली येतो. दर वेळी. थकलेला माणूस दार लोटून घेतो पण कडी घालत नाही, तसा.

दहाव्या फेरीत तुरीचा डावा आला. शदली मागे गेला नाही. तो ठोशाच्या आतून पुढे घुसला, डाव्या हाताने बरगडीखाली यकृतावर एक दिला; तुरी श्वास घ्यायला वाकला, आणि तो वाकत होता तिथेच शदलीचा उजवा हात खालून वर येत होता. मुठीत काहीतरी काडकन वाजलं. ते हाड आपलं की त्याचं, हे शदलीला कळलं नाही.

दगड पडला. पालेर्मोचा तुरी स्पाना, ज्याला कुणी आडवं केलं नव्हतं, तो पाठीवर पडून स्फाक्सच्या आकाशाकडे बघत होता. पंच मोजत होता आणि पंचाबरोबर डोलकाठ्या, ढिगारे, धक्का, सगळं बंदर मोजत होतं. तुरी सातला कोपरावर उठला. नऊला गुडघ्यावर. दहाला तो गुडघ्यावरच होता, आणि तिथूनच त्याने मान वर करून शदलीकडे बघितलं, आणि रक्ताळलेल्या दातांनी हसला.

“तूच मारलंस,” तो म्हणाला. “मी साक्षीदार आहे.”

पंचाने शदलीचा हात वर केला. सी मुन्सिफनी पितळेच्या डॉल्फिनचा तोच जुना पट्टा त्याच्या कमरेला पुन्हा बांधला आणि तो पहिल्यांदाच बरोबर बसला, कारण घ्रायबा. बशीर बादलीत तोंड लपवून रडत होता आणि विचारलं तर सांगत होता की पाणी पितोय. धक्क्याच्या कडेला सी हम्मादी उभा होता, हात अर्धवट वर, तोंड उघडं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला काही सुचत नव्हतं. शेवटी तो दोर ओलांडून आत आला, दोन्ही हात पसरून. आता लढत संपली होती, आता चालणार होतं.

“ईद मबरूक, चॅम्पियन,” तो एवढंच म्हणाला आणि त्याने हात पुढे केला.

शदलीने हातमोजा काढला. उजवा पंजा पावासारखा फुगला होता. डावा पुढे करावा असं क्षणभर मनात आलं, पण ईदेच्या दिवशी माणसाला डावा हात देतात का? त्याने उजवा दिला. हम्मादीने तो दोन्ही हातांत धरून दाबला, आणि कळ मुठीपासून खांद्यापर्यंत, खांद्यापासून दाढेपर्यंत गेली.

“ईद मबरूक!” शदली एवढ्या जोरात म्हणाला की होड्यांवरचे पक्षी उडाले.

हम्मादीच्या मागे तिसऱ्या घरची म्हातारी होती. तिच्या मागे पोपटवाला, त्याच्या मागे होड्यांवरून उतरलेले कोळी, फॉस्फेटने पांढरे झालेले नवे कोट, मुलांना कडेवर घेतलेले बाप. ईदेला हात मिळवल्याशिवाय कोण घरी जातं? प्रत्येकाने हात दाबला, काहींनी आपुलकीने दोनदा, आणि प्रत्येक वेळी ती कळ तशीच्या तशी उठली. प्रत्येक कळेगणिक शदलीचं तोंड आणखी फाकत गेलं. अशी वेदना नशिबाने मिळत नाही. ही कमवावी लागते.

“अरे, हाड मोडलंय तुझं,” बशीर कानाशी येऊन म्हणाला. “चल घरी. आई वाट बघतेय. तुरीला घेऊन आधीच गेलीये ती जेवायला.”

शदलीने मान उंचावून रांगेचं टोक शोधलं. ते बंदराच्या फाटकातून बाहेर पडून वळणापलीकडे दिसेनासं झालं होतं.

“थांबा हो वस्ताद,” तो म्हणाला, आणि पुढच्या माणसासाठी हात पुढे केला. “अजून बरेच जण राहिलेत.”